मशेरी, तंबाखू आणि बाकीच्या सवयी: गावात राहून घरातल्यांची तब्येत कशी सांभाळावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राजापूर तालुक्यातली वाडी, वय चाळिशीचं, आंब्याच्या बागेत काम, दिवसातून आठ-दहा वेळा तंबाखू-चुना. आई दिवसाला चार वेळा मशेरी लावते. भाऊ ट्रॉलरवर खलाशी, त्याच्याही खिशात तीच पुडी. भावजय गरोदर आहे, वडिलांना बीपी आहे. सगळ्यांची तब्येत राहावी म्हणून रोज काय करावं, सकाळी लिंबू-मध घ्यावं का, आणि गावात जिम नाही तर व्यायामाचं काय, असं तुम्ही विचारलंय.

लिंबू-मध घेतलंत तर घ्या, नाही घेतलंत तरी काही अडत नाही. कलमांवर चढणाऱ्या आणि पऱ्ह्यापासून वाडीपर्यंत चढाव चढणाऱ्या माणसाला जिम लागत नाही. तुमच्या घराचा खरा प्रश्न तुम्हा तिघांच्या तंबाखूच्या डब्यांचा आहे, म्हणून उत्तराचा मोठा भाग त्यांच्यावरच खर्च करतो.

आईच्या मशेरीपासून सुरुवात करू, कारण तिला घरात कोणी व्यसन म्हणतच नाही. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखूच. भाजल्यावर तंबाखूचं विष जळून जातं असा समज आहे, तो चुकीचा आहे. निकोटिन शिल्लक राहतं, आणि जळताना तयार होणारी कर्करोगकारक द्रव्यं त्यात वर मिळतात. ती हिरड्यांवर चोळली की निकोटिन तिथूनच रक्तात जातं. तंबाखू घातलेली दंतमंजनं आणि टूथपेस्ट बनवायला-विकायला देशात १९९२ पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीपर्यंत तो कायदा कसा पोचणार?

बहुतेक बायकांची मशेरी दातदुखीतून सुरू होते. चोळल्यावर ठणका थोडा वेळ बधिर झाल्यासारखा वाटतो, कीड मात्र आत तशीच वाढत राहते. वर्षानुवर्षं चोळून हिरडी खाली सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं, मग गार पाणी लागलं की कळ येते आणि त्या कळेवर परत मशेरी. म्हणून पहिली पायरी दातांच्या डॉक्टरांची. किडलेला दात भरून किंवा काढून घेतल्याशिवाय आईला मशेरी सोडायला सांगू नका. दुखणं तसंच ठेवून सोडलेली मशेरी आठवडाभरही टिकत नाही, आणि मग ‘बघ, मशेरीशिवाय दात राहत नाहीत’ हे तिचं म्हणणं पक्कं होतं.

त्यानंतर ब्रश. मऊ केसांचा, फ्लोराइड असलेली पेस्ट वाटाण्याएवढी, सकाळी आणि रात्री दोन-दोन मिनिटं. पहिले काही दिवस हिरड्यांतून थोडं रक्त येईल. ब्रशने हिरडी फाटली असं समजून ती थांबेल, तर थांबू देऊ नका. सुजलेली हिरडी साफ होताना असं होतं. दोन आठवड्यांनंतरही रक्त येत राहिलं तर दाखवा. कोळसा, विटेची पूड, जाडं मीठ यांपैकी काही मशेरीच्या जागी आणू नका, दातावरचं कवच झिजतं. बोटाला चोळायची सवय झालेली असते, तिच्यासाठी खोबरेल तेलाचे दोन थेंब स्वच्छ बोटावर घेऊन हिरड्यांना मालीश करायला सांगा. तेलात औषधी असं काही नाही, बोटाला काम मिळतं एवढंच.

चार वेळा लावणाऱ्या वयस्क बाईला एकदम बंद करणं जड जातं. दुपारची आधी सोडा, चार-पाच दिवसांनी संध्याकाळची, मग रात्रीची, सकाळची शेवटी. शेवटची तारीख मात्र पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर लिहा, तीन आठवड्यांपुढे नको. ‘हा डबा संपला की बंद’ असं ठरवलंत तर डबा कधी संपत नाही, शेजारची चिमूटभर देतेच. आणि घरात नवीन भाजायची नाही; तो धूर चुलीपाशी बसलेल्या पोरांच्याही छातीत जातो.

सकाळची मशेरी सर्वांत चिवट असते, कारण तिच्यावर पोट साफ होणं अवलंबून असतं. निकोटिन आतड्याला ढकलतं. ते बंद झालं की तीन-चार दिवस शौचाला होत नाही, डोकं धरतं, आणि बाई परत डब्याकडे वळते. हे आधीच माहीत असलं तर सोय करता येते: उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी, रात्रीच्या जेवणात पालेभाजी, सकाळी नाचणीची आंबील किंवा पिकलेली दोन केळी, आणि ठरल्या वेळी शौचाला बसणं, होवो न होवो. दोन आठवड्यांत आतडं आपलं आपण चालायला लागतं. तरी नाही झालं तर डॉक्टरांकडून इसबगोल वगैरे घ्या, पण मशेरी नको.

भावजयीने मशेरी लावली तर तिला टप्प्याटप्प्याने सोडायला वेळ नाही. आजच बंद. निकोटिन वारेतून बाळापर्यंत जातं, बाळाला मिळणारं रक्त कमी होतं, वजन कमी भरतं. बऱ्याच जणी नेमक्या गरोदरपणात मशेरी वाढवतात, कारण लोहाच्या गोळीने मळमळतं आणि मशेरीने तोंड बरं वाटतं. गोळी जेवणानंतर किंवा रात्री झोपताना घ्यावी, तिच्या आगेमागे तासभर चहा घेऊ नये, आणि सकाळी अंथरुणातच कोरड्या भाकरीचा तुकडा चावावा, म्हणजे मळमळ कमी होते. आशाताईंना मशेरीबद्दल स्पष्ट सांगा. त्या नोंद करतात, ओरडत नाहीत.

आता तुमचं. तळहातावर तंबाखूत चुना मळताना नेमकं काय होतं ते समजून घ्या. चुन्याने मिश्रण अल्कधर्मी (आंबटाच्या उलट) होतं, त्यामुळे तंबाखूतलं निकोटिन मोकळं होऊन गालाच्या त्वचेतून झपाट्याने आत शिरतं. म्हणून चुन्याशिवायची तंबाखू ‘लागत नाही’. तोच चुना गालाची आतली त्वचा रोज थोडी जाळतो, आणि जळलेल्या जागी तंबाखू तासन्‌तास बसून राहते. बार ज्या बाजूला धरता त्याच बाजूला गाठ होते, हा योगायोग नव्हे. (चुन्याने हाडांना कॅल्शियम मिळतं म्हणून रोज गव्हाएवढा चुना खा, असे निरोप फोनवर फिरतात. कॅल्शियमसाठी नाचणी आहे, काट्यासकट चावून खायची मांदेलीसारखी बारीक मासळी आहे.)

दिवसाला आठ-दहा बार भरणाऱ्याने एक तारीख ठरवून त्या दिवशी पूर्ण बंद करावं, असं माझं मत. मोजून कमी करणाऱ्यांचा हिशेब घरात पाचवर येतो आणि बागेत परत दहावर जातो. तलफ अनावर झाली तर निकोटिनचा गम, म्हणजे औषधी च्युइंगम, मदत करतो. २ मिलिग्रॅमचा गम औषधाच्या दुकानात मिळतो, पण बीपी, हृदयविकार, अल्सर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. तो वापरायची रीत आपल्याकडे जवळजवळ सगळे चुकवतात. च्युइंगमसारखा सतत चावायचा नाही. दहा-पंधरा वेळा हळू चावा, जिभेला तिखट झिणझिणलं की थांबा आणि गाल-हिरडीच्या मध्ये ठेवून द्या. झिणझिण गेली की परत थोडं चावा, आता दुसऱ्या बाजूला ठेवा. असा अर्धा तास. तंबाखूसारखं थुंकलात तर औषध बाहेर गेलं, भराभर गिळलंत तर उचकी आणि छातीत जळजळ. पहिले काही आठवडे दिवसाला आठ-दहा गम लागू शकतात, मग कमी करत जाऊन साधारण तीन महिन्यांत बंद.

गम घेण्याआधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असताना सोलकढी, कोकम सरबत, लिंबू पाणी किंवा चहा-कॉफी घेऊ नका. आंबट पदार्थाने तोंडातली अल्कता जाते आणि निकोटिन शोषलं जात नाही. चुन्याचं काम उलटं होतं म्हणा. जेवणावर सोलकढी प्यायल्यावर लगेच गम घेणारा माणूस ‘हे काही चालत नाही’ म्हणून पुडी उघडतो. कवळी असलेल्यांना गम चिकटतो. त्यांच्यासाठी चघळायची निकोटिनची गोळी किंवा पट्टी. आपल्या दमट हवेत पट्टी घामाने सुटते, म्हणून आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करून दंडाच्या वरच्या, केस नसलेल्या भागावर लावा आणि रोज जागा बदला.

तलफेची एक उसळी पाच-दहा मिनिटं टिकते. पहिले तीन दिवस सर्वांत वाईट: चिडचिड, झोप मोडणं, डोकं जड, कामात लक्ष नाही. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरतं. त्या दहा मिनिटांसाठी खिशात काहीतरी लागतं. भाजलेली बडीशेप, ओवा, एखादी लवंग, आवळकाठी, सुक्या खोबऱ्याचे काप. आमसूल दिवसभर दाढेत धरून बसू नका, आंबटाने दात झिजतात.

तुमच्या कामात अजून एक गोष्ट आहे, जिच्याकडे बागायतदारांचं फारसं लक्ष नसतं. मोहोरावर फवारणी करून खाली उतरलेला गडी तसाच बसतो आणि तळहातावर तंबाखू मळतो. हातावरचं कीटकनाशक तंबाखूत, तंबाखू ओठाखाली. विष पोटात घालायला याहून सरळ वाट नाही. फवारणीनंतर काहीही तोंडात घालण्याआधी साबणाने कोपरापर्यंत हात, मग आंघोळ, कपडे घरच्या धुण्यात न मिसळता वेगळे धुवायचे. वारा पाठीवर घेऊन फवारा, नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका. बाटलीवरचा त्रिकोण बघा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. रिकाम्या बाटलीत रॉकेल किंवा तेल भरू नका, भोकं पाडून टाका. फवारल्यावर घाम, लाळ, उलटी, डोळ्यापुढे अंधुक असं काही झालं तर माणसासोबत बाटलीही डॉक्टरांकडे न्या. कोणतं औषध होतं हे कळल्याशिवाय उपचाराला वेळ लागतो.

भावाचं गणित वेगळं आहे. बोटीवर तंबाखू झोप उडवायला आणि भूक मारायला असते. रात्रीच्या पाळीत चार तास जागायचं, जाळं कधी ओढायचं याचा नेम नाही, अशा वेळी त्याला ‘मन घट्ट कर’ सांगून उपयोग नाही. त्याच्यासाठी योग्य वेळ आहे मासेमारी बंदीची, १ जून ते ३१ जुलै. दोन महिने रात्रीची पाळी नाही, झोप पुरी, बरोबरचे खलाशी पांगलेले. जूनच्या पहिल्या आठवड्यात सोडली तर बोट परत पाण्यात उतरेपर्यंत शरीराची मागणी संपलेली असते. उरते ती फक्त पाळीची सवय, आणि तिच्यासाठी बोटीवर भाजलेले चणे-शेंगदाणे, थर्मासमध्ये चहा आणि तांडेलाला (बोटीच्या म्होरक्याला) आधीच सांगून ठेवणं: मला देऊ नको, मागितली तरी देऊ नको.

तुमच्या स्वतःसाठी मी श्रावण सुचवेन. मासे सोडायची सवय या महिन्यात घराला आधीच असते, तंबाखूही त्यातच बसते. पहिल्या तिथीला सोडलीत तर चतुर्थीपर्यंत महिना उलटून जातो. चतुर्थी हीच खरी कसोटी: मुंबईकर आलेले, रात्रभर भजनं, आणि प्रत्येक घरी पानाचं तबक. श्रावण न धरता गणपतीच्या आठ दिवस आधी सोडणारा माणूस त्या तबकापुढे टिकत नाही.

आणि तबकातल्या सुपारीबद्दल. तंबाखू सोडून नुसती सुपारी चालू ठेवणारे खूप आहेत, आणि श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचं कौतुक असलेल्या किनाऱ्यावर हे बोलणं लोकांना आवडत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसली तरी, कर्करोगकारक ठरवलं. सुपारीने गालाची आतली त्वचा ताठ आणि पांढुरकी होते, तिखट झोंबायला लागतं, आणि हळूहळू तोंड उघडणं कमी होतं. ते बरंचसं परत येत नाही, सुपारी थांबवली तर निदान पुढे जायचं थांबतं. सुगंधी सुपारी, गोड सुपारी पोरांच्या हातात देऊ नका. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पानमसाला आणि तंबाखू अशा दोन पुड्या शेजारी-शेजारी ठेवून तोच माल एकत्र करायची युक्ती सगळ्यांना माहीत आहे. विड्याच्या पानाला माझी हरकत नाही: बडीशेप, गुलकंद, किसलेलं खोबरं, बस्स. पूजेचा विडा देवापुढे ठेवा, खायलाच हवा असं नाही.

तुम्ही तिघांनी महिन्यातून एकदा तोंड तपासायचं. उजेडात आरशापुढे, चूळ भरून, कवळी काढून. दोन्ही ओठ उलटे करून आतून बघा, गाल बोटाने ताणून दोन्ही बाजू, जीभ वर करून तिच्याखाली, मग जीभ फडक्यात धरून दोन्ही कडा. पांढरा किंवा लाल चट्टा, घट्ट लागणारी जागा, हलणारा दात, दोन आठवड्यांत न भरलेली जखम यांपैकी काहीही दिसलं तर थेट ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात दंतविभागात. शेवटी आपलीच तीन बोटं उभी करून पुढच्या दातांमध्ये घालून बघा. तीन जात नसतील तर तेही दाखवायचं. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीची गाठ दुखत नाही.

वडिलांच्या बीपीसाठी गोळीखालोखाल महत्त्वाचं मीठ. सगळं मिळून दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. आपल्याकडे ते आमटीत कमी आणि तोंडीलावण्यात जास्त असतं: खारा बांगडा, सुकट, सुके बोंबील, लोणचं, खारातल्या कैऱ्या, पापड. पापडात मिठाशिवाय पापडखारही असतो, तोही सोडियमच. सुकी मासळी सोडायला सांगत नाही. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, पाणी ओता, परत एकदा भिजवून ओता, आणि कालवणात वेगळं मीठ घालू नका. कोकमाचं आगळ मिठातच मुरवलेलं असतं. त्याची सोलकढी करताना चव घेतल्याशिवाय मीठ टाकणं म्हणजे दुप्पट मीठ. आमसुलं भिजवून केली तर बरी, पण तीही मिठाचा हात लागलेली असतात. सैंधवानेही फरक पडत नाही. कमी सोडियमचं मीठ मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर धोक्याचं, ते डॉक्टरांना विचारूनच. पेज मात्र खुशाल घ्या, तिच्याबरोबर लोणच्याऐवजी कुळथाची उसळ.

चूल पेटवायला प्लास्टिकची पिशवी किंवा टायरचा तुकडा वापरत असाल तर आजपासून बंद. नारळाची सोडणं आणि झावळ्यांची चुडतं घरात पडलेली असतात. काजूची टरफलं स्वयंपाकघरात जाळू नका, त्यांतल्या तेलाचा धूर डोळे आणि घसा सोलतो.

दारूबद्दल लांबवत नाही. ‘थोडी तब्येतीला चांगली’ हे खरं नाही. त्यात माडी आणि हातभट्टी यांत काय मिसळलंय हे पिणाऱ्याला कधीच कळत नाही. पिऊन बारा-चोवीस तासांनी डोळ्यापुढे धूसर दिसणं, पोटात कळा, धाप लागणं हे मिथेनॉलचं लक्षण असू शकतं. त्या वेळी झोपवून ठेवायचं नाही, लगेच रुग्णालयात न्यायचं.

तंबाखू सोडण्यासाठी सरकारी निःशुल्क फोन आहे, १८००-११-२३५६. पुडीवरच छापलेला असतो. आई फोनवर बोलणार नसेल तर तुम्ही बोला आणि तिला स्पीकरवर ऐकवा. आणि मध्येच एखादा बार भरला गेलाच, तर तो थुंकून टाका, चूळ भरा, पुडी फेका आणि त्याच तारखेपासूनची मोजणी चालू ठेवा. ‘आता मोडलंच आहे, पुढच्या अमावास्येपासून बघू’ असं म्हणून थांबलेली माणसं परत सुरुवातीला यायला वर्ष लावतात.